चुकलेल्या लेंकरांची कैवारीण : मिस मेरी कार्पेंटर

गुन्हा हातून घडलेलें मूल न्यायाधीशापुढें उभें राहिलें म्हणजे दोन प्रश्न उत्पन्न होतात. ह्या मुलानें काय केलें, हा पहिला. आणि आतां ह्यास कोणाच्या हातीं द्यावें, हा दुसरा. प्रौढ मनुष्याच्या खटल्यांत पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला कीं काम बहुतेक संपतें. मुलाच्या बाबतींत खरें काम तेथूनच सुरू होतें. आज हा भेद कायद्यांत लिहिलेला आहे. परंतु पावणेदोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडच्या कायद्यांत त्यास फारसें स्थान नव्हतें. तें मिळावें म्हणून ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या मिस मेरी कार्पेंटर ह्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. ह्या बाई चार वेळां आपल्या देशांत आल्या होत्या व मुंबई शहरानेंहि त्यांस पाहिलें होतें. म्हणून त्यांचें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं.

मेरीबाईंचा जन्म ता. ३ एप्रिल १८०७ रोजीं इंग्लंडांतील एक्सिटर शहरीं झाला. वडील लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे उपदेशक होते. १८१७ सालीं ब्रिस्टल येथील ल्यूइन्स मीड ह्या उपासनामंदिराची सेवा त्यांजकडे आली व सारें कुटुंब त्या शहरीं राहावयास गेलें. उपदेशाबरोबर ते मुलग्यांची एक शाळाहि चालवीत. त्या काळीं मुलींस शिवणटिपण व थोडें वाचन येवढें आलें म्हणजे पुरे, असें लोक समजत. पण ह्या पित्यानें आपल्या लेकीस मुलग्यांच्या जोडीस बसवून लॅटिन, ग्रीक, गणित व सृष्टिशास्त्रें शिकविलीं. वयांत आल्यावर मेरीबाईंनीं कांहीं काळ परक्या घरीं राहून मुलांस शिकविण्याचें काम केलें, आणि १८२९ सालीं आई व बहीण ह्यांजबरोबर ब्रिस्टल येथें मुलींची शाळा काढिली.

१८३३ सालीं ब्रिस्टलास दोन पाहुणे आले व त्या दोघांनीं ह्या तरुण शिक्षिकेच्या आयुष्यास वळण लाविलें. एक बंगालचे राजा राममोहन राय. ते कार्पेंटर कुटुंबाच्या परिचयाचे झाले, व त्याच वर्षीं ता. २७ सप्टेंबर रोजीं ब्रिस्टलनजीक त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानाविषयीं मेरीबाईंच्या मनांत जी ओढ उत्पन्न झाली ती तेव्हांपासूनची. दुसरे पाहुणे अमेरिकेंतील बोस्टन शहरीं गरिबांमध्यें काम करणारे जोसेफ टकरमन. त्यांच्याबरोबर बाई एके दिवशीं एका गरीब वस्तींतून जात असतां एक फाटक्या कपड्यांचा मुलगा त्यांच्या समोरून धांवत गेला व एका बोळांत नाहींसा झाला. टकरमन ह्यांनीं सहज सुचविलें कीं, अशा मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेलें पाहिजे. बोलणें तेवढेंच झालें. पण तें बाईंच्या अंतःकरणांत रुतून बसलें.

१८३५ सालीं त्यांच्या खटपटीनें गरिबांच्या घरीं जाऊन भेटी घेणारें एक मंडळ स्थापन झालें व त्याचें चिटणीसपण बाईंनीं आपल्याकडे घेतलें. पुढें १८४० सालीं वडील आगबोटीच्या प्रवासांत समुद्रांत पडून बुडाले. ह्या दुःखानें बाई पुष्कळ खचल्या. परंतु काम सोडलें नाहीं. १८४६ सालीं त्यांनीं ल्यूइन्स मीडच्या गलिच्छ वस्तींत, ज्या मुलांस इतर कोणतीहि शाळा घेत नसे अशांसाठीं शाळा उघडली. अशा शाळांस इंग्लंडांत रॅग्ड स्कूल, म्हणजे चिंध्या पांघरलेल्यांची शाळा, असें म्हणत. मुलें अनवाणी, अस्वच्छ व दांडगीं असत. कित्येकांनीं तुरुंगाचें तोंडहि पाहिलेलें असे. त्यांस शिकवितां शिकवितां बाईंच्या ध्यानीं आलें कीं, शाळेनें ज्याला कसेंबसें सावरावें त्याला तुरुंग अल्पावधींत बिघडवून परत पाठवितो.

त्या काळचा कायदा कसा होता, हें येथें सांगितलें पाहिजे. मूल दोषी ठरलें कीं बहुधा प्रौढांच्याच तुरुंगांत त्याची रवानगी होई. कित्येक मुलग्यांस तर गलबतावर चढवून ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर पाठवीत. १८३८ सालीं वाइट बेटावर पार्कहर्स्ट येथें केवळ मुलग्यांसाठीं तुरुंग उघडण्यांत आला. परंतु नांव मुलांचें असलें तरी तो तुरुंगच होता, आणि आरंभीं तेथें मुलांच्या पायांत बेड्या असत. १८४७ च्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांच्या किरकोळ चोऱ्यांचा निकाल मॅजिस्ट्रेटांनीं झटपट लावण्याची सोय झाली व मुलग्यांस फटके मारण्याचीहि परवानगी मिळाली. मोठ्या कोर्टाची वाट पाहत तुरुंगांत कुजणें ह्यामुळें कमी झालें, हा लाभ खरा. पण फटके खाऊन मूल गेलें कोठें? ज्या बोळांतून आलें त्याच बोळांत. न्यायाधीशाच्या हातीं तुरुंग, वेत व गलबत ह्यांवांचून देण्यासारखें फारसें कांहींच नव्हतें.

१८५१ सालीं बाईंनीं ह्या विषयावर एक मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं मुलांचे तीन वर्ग पाडून तीन प्रकारच्या शाळा मागितल्या. जीं मुलें नुसतीं दरिद्री आहेत त्यांसाठीं फुकट दिवसाच्या शाळा. जीं भटकतात, भीक मागतात व गुन्ह्याच्या उंबरठ्यावर आहेत त्यांसाठीं अन्न व उद्योग देणाऱ्या उद्योगशाळा. आणि ज्यांवर गुन्हा शाबीत झाला आहे त्यांसाठीं तुरुंगाऐवजीं सुधारणाशाळा, म्हणजेच रिफॉर्मेटरी. रोग तीन असतां औषध एकच देणें हा वैद्याचा अडाणीपणा होय. तोच अडाणीपणा कायदा करीत आहे, हें ह्या पुस्तकानें लोकांच्या नजरेस आणिलें. परदेशांतील दाखलेहि पुढें होते. जर्मनींत हँबर्गजवळ विखर्न ह्यांनीं १८३३ सालीं, व फ्रान्सांत मेत्रे येथें देमेत्झ ह्यांनीं १८३९ सालीं, अशा मुलांस लहान लहान कुटुंबांसारख्या गटांत ठेवून वाढविण्याचा प्रयोग चालविला होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्मिंगहॅम येथें ह्या कामाच्या कळवळ्याच्या लोकांची परिषद भरली. तेथील न्यायाधीश मॅथ्यू डॅव्हनपोर्ट हिल हे बाईंचे मोठे साहाय्यकर्ते झाले. ह्या हिलसाहेबांची एक रीत वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. १८४१ पासून ते आपल्या कोर्टांत असें करीत कीं, मुलगा पुरता बिघडलेला नाहीं असें दिसलें, आणि त्याचे आईबाप किंवा धनी त्यास जपावयास तयार असले, तर त्यास तुरुंगांत न धाडितां त्यांच्या स्वाधीन करावें. त्याचें नांव ते एका वहींत टिपून ठेवीत, आणि मुलाचें कसें चाललें आहे ह्याची चौकशी पोलिसाकडून मधून मधून करवीत. ह्या रीतीचें मोल पुढें दिसून येईल.

१८५२ सालीं पार्लमेंटाच्या कमिटीपुढें मेरीबाईंची साक्ष झाली. त्या काळीं स्त्रियांस मताचा अधिकार नव्हता व सार्वजनिक सभेंत स्त्रीनें बोलणें अशोभनीय मानीत; तरी ह्या बाईंनीं शांतपणें आपलें म्हणणें मांडिलें. पण नुसत्या साक्षीनें काय होणार? प्रयोग करून दाखविल्यावांचून सरकार ऐकणार नाहीं, हें ओळखून त्यांनीं त्याच वर्षीं ब्रिस्टलजवळ किंग्सवुड येथें सुधारणाशाळा उघडली. ही जागा म्हणजे जॉन वेस्ली ह्यांनीं स्थापिलेली जुनी शाळा. रसेल स्कॉट नांवाच्या सद्गृहस्थानें ती ह्या कामासाठीं विकत घेतली. आरंभीं मुलगे व मुली दोघांसहि तेथेंच ठेविलें होतें. काम सोपें नव्हतें. मुलें पळून जात, मोडतोड करीत, शिव्या देत. तुरुंगासारखी भिंत घालावी असें कोणासहि वाटलें असतें. बाईंचा आग्रह असा कीं, कुलपानें राखलेलें मूल कुलूप निघतांच बिघडतें. म्हणून त्यास काम, खेळ व माया देऊन आंतूनच बांधिलें पाहिजे.

दोन वर्षांत मुलींची व्यवस्था वेगळी करणें प्राप्त झालें. कवि बायरन ह्याच्या विधवा पत्नीनें ब्रिस्टल येथील रेड लॉज नांवाचा जुना वाडा विकत घेऊन ह्या कामास दिला, व १८५४ च्या आक्टोबरांत तेथें मुलींची सुधारणाशाळा सुरू झाली. येथें मुली धुणें, शिवण, स्वयंपाक व लिहिणेंवाचणें शिकत. बाई स्वतः त्यांस शिकवीत व सारा कारभार पाहत. ज्या मुलीपाशीं आपलें म्हणावयास कधींच कांहीं नव्हतें, तिला दुसऱ्याच्या वस्तूचा मान कसा कळावा, असें त्यांस वाटे. म्हणून मुलींनीं लहानसहान वस्तू स्वतःच्या म्हणून बाळगाव्या ह्यास त्या उत्तेजन देत. येथेंहि प्रारंभीं दंगे झाले, मुली पळाल्या. बाई शिस्तीच्या कडक होत्या व मुलींस त्यांचा धाकहि वाटे, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांनीं कोणास टाकून दिलें नाहीं. स्वतः अविवाहित असतां १८५८ सालीं त्यांनीं एका पांच वर्षांच्या मुलीस दत्तक घेऊन आपल्या घरीं वाढविलें.

१८५४ सालींच पार्लमेंटानें बाल-गुन्हेगारांचा कायदा केला. सोळा वर्षांखालील दोषी मुलास सरकारमान्य सुधारणाशाळेंत दोन ते पांच वर्षें ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. खर्चाचा कांहीं भार सरकारनें घेतला, कांहीं ऐपतीप्रमाणें आईबापांवर घातला. बाईंच्या खटपटीस हें मोठें यश होतें. परंतु त्यांत एक कांटा राहिला. मुलानें सुधारणाशाळेंत जाण्यापूर्वीं निदान चौदा दिवस तुरुंगांत काढलेच पाहिजेत, अशी अट कायद्यानें घातली. अट घालणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांचें म्हणणें असें कीं, गुन्ह्याची शिक्षा प्रथम भोगली पाहिजे, नाहीं तर प्रामाणिक गरिबाच्या मुलापेक्षां चोराच्या मुलाचीच चैन होईल. हा आक्षेप आजहि गांवोगांव ऐकूं येतो, म्हणून त्याचें उत्तर नीट समजून घ्यावें. बाईंचें म्हणणें असें होतें कीं, समाजानें ज्या मुलास आईबापांची छाया, शाळा व पोटभर अन्न दिलें नाहीं, त्यापासून समाजानें हिशेब चुकता करून मागणें हा न्याय नव्हे. आणि वर्षांनुवर्षें मायेनें बांधावयाचें तें मन आरंभींच तुरुंगाच्या कोठडींत कोंबणें म्हणजे पेरणीपूर्वीं शेतांत मीठ टाकणें होय. प्रामाणिक गरिबाच्या मुलास कांहीं मिळत नसेल, तर उपाय त्यासहि देणें हा आहे. दुसऱ्याचें काढून घेणें हा नव्हे. म्हणूनच फुकट शाळा व उद्योगशाळा ह्यांची मागणी त्यांनीं कधींहि सोडली नाहीं. १८५७ सालीं उद्योगशाळांचा कायदा झाला, व १८५९ सालीं बाईंनीं ब्रिस्टल येथें मुलग्यांची तशी शाळा सुरू केली. चौदा दिवसांची अट मात्र त्यांच्या हयातींत सुटली नाहीं. १८९३ सालीं ती ऐच्छिक झाली व १८९९ सालीं रद्द झाली. तेव्हां बाईंस जाऊन बावीस वर्षें लोटलीं होतीं.

साठीकडे झुकलेल्या वयांत, १८६६ सालीं, बाई प्रथम हिंदुस्थानांत आल्या. मुंबई, सुरत, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता इतक्या ठिकाणीं त्या फिरल्या, आणि ह्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १८६८ सालीं दोन भागांत छापिलें. स्त्रीशिक्षण, तुरुंगांची सुधारणा व गुन्हेगार मुलांच्या शाळा ह्या तीन गोष्टींचा त्यांनीं येथें पाठपुरावा केला. मुली शिकवावयाच्या तर शिक्षिका पाहिजेत, म्हणून शिक्षिका तयार करणाऱ्या शाळा निघाव्या असा त्यांनीं सरकारपाशीं नेट धरिला. मुंबईंत डेव्हिड ससून ह्यांच्या औदार्यानें मुलांस उद्योग शिकविणारी एक संस्था १८५७ पासून चालत होती. परंतु सर्व देशास लागू असा कायदा नव्हता. बाईंच्या चौथ्या व शेवटच्या फेरीच्या सुमारास, १८७६ सालीं, हिंदुस्थान सरकारनें सुधारणाशाळांचा कायदा केला. सोळा वर्षांखालील मुलग्यास शिक्षेऐवजीं सात वर्षांपर्यंत, पण वयाच्या अठराव्या वर्षापलीकडे नाहीं, अशा शाळेंत ठेवण्याची त्यांत तरतूद होती. मुलींचा मात्र त्यांत विचार नव्हता.

पुढच्याच वर्षीं, १८७७ च्या जून महिन्यांत, सत्तर वर्षांच्या होऊन मेरीबाई ब्रिस्टल येथें निवर्तल्या. शेवटपर्यंत त्या कामांत होत्या. राजा राममोहन राय ह्यांची समाधि ज्या आर्नोस व्हेल दफनभूमींत आहे, तेथेंच त्यांसहि मूठमाती देण्यांत आली.

त्यांच्या मागें बी उगवत गेलें. १८९९ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें मुलांसाठीं पहिलें स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें. १९०८ सालीं इंग्लंडांत, आणि १९२४ च्या मुलांच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतहि तशी वाट मोकळी झाली. परंतु सत्य सांगावयाचें तर सुधारणाशाळांचे दोषहि काळानें उघडे पाडिले. पाव भाकरी चोरल्याबद्दल मूल वर्षांनुवर्षें घरापासून दूर राही. कित्येक घरें मोठीं, पलटणीच्या छावणीसारखीं झालीं. मुलांस नांवाऐवजीं शिटीवर चालण्याची संवय लागली. बाईंस हवें होतें तें कुटुंब. पुष्कळ ठिकाणीं झाली ती बरॅक. ह्या अनुभवानंतर जगानें हिलसाहेबांच्या त्या वहीकडे पुनः पाहिलें. मुलास नेण्याआधीं त्याचें घरच सावरतां येईल काय, हा प्रश्न प्रथम विचारूं लागले, आणि सुधारणागृह हा उपायांच्या यादींत अगदीं शेवटीं गेला.

आपल्या देशांत आज २०१५ चा बाल न्याय कायदा चालतो. अठरा वर्षांखालील मुलास पोलिस कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. चोवीस तासांच्या आंत त्यास बाल न्याय मंडळापुढें नेलें पाहिजे. ह्या मंडळांत एक मॅजिस्ट्रेट व दोन समाजसेवक असतात, आणि त्या दोघांपैकीं एक तरी स्त्री असावी लागते. दोष दिसून आल्यास मंडळापुढें अनेक वाटा असतात: समज देऊन घरीं सोडणें, समुपदेशन, समाजोपयोगी काम, आईबापांकडून दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईबापांच्या किंवा दुसऱ्या योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणें, आणि सर्वांच्या शेवटीं जास्तींत जास्त तीन वर्षें विशेष गृहांत ठेवणें. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानें अतिशय भयंकर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्रथम त्याची मानसिक व शारीरिक पात्रता तपासून खटला बालकांच्या न्यायालयाकडे धाडूं शकतें. परंतु तेथेंहि त्यास फांशी देतां येत नाहीं.

ह्यापैकीं कोणती वाट निवडावी हें ठरविण्यापूर्वीं मंडळ त्या मुलाच्या घरची व गांवची माहिती मागवितें. ती घेण्यास परिविक्षा अधिकारी किंवा दुसरा कार्यकर्ता गांवीं येतो. वाचकहो, मेरीबाईंच्या चरित्राचा धागा येथें आपल्या दारापर्यंत येऊन पोंचतो. तो अधिकारी विचारील कीं, मुलगा घरीं आला तर त्याजकडे कोण लक्ष देईल, शाळा त्यास पुनः घेईल काय, कोणी त्यास सुतारकीस, लोहारकीस किंवा शेतावर हाताखालीं घेईल काय. त्या वेळीं गांवानें तोंड फिरविलें व हें बीज वाईटच म्हणून सांगितलें, तर कायद्यानें उघडलेलीं दारें एकामागून एक मिटत जातात आणि शेवटचें तेवढें राहतें. आणि एखाद्या शिक्षकानें, उपदेशकानें, मामाचुलत्यानें पुढें होऊन मी ह्यास पाहीन म्हटलें, तर मंडळाच्या हातास बळ येतें. मुलगा परत आल्यावर त्याचें नांव चव्हाट्यावर घेऊं नये. कायद्यानेंहि तें प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. ज्याची चोरी झाली त्याची भरपाई व्हावी, मुलानें आपल्या श्रमानें ती थोडी तरी फेडावी, हेंहि योग्यच.

मेरीबाईंनीं पुस्तकें लिहिलीं, पार्लमेंटापुढें साक्ष दिली, कायदे करविले. पण त्या सर्वांच्या मुळाशीं होतें काय? बोळांत नाहींसें झालेलें एक मूल, आणि त्याच्या मागोमाग घरापर्यंत जाण्याचा निश्चय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर न्यायाधीश देईल. दुसऱ्याचें उत्तर त्यास गांवाकडूनच मिळावयाचें आहे.